तुम्ही विचारलंत म्हणून: आपलं आडनाव संपत चाललंय का?

पारावर, लग्नाच्या मांडवात, तहसीलच्या व्हरांड्यात, सगळीकडे हाच प्रश्न. "आधी गावात आमची चाळीस घरं होती, आता अकरा राहिली. आमचं आडनाव बुडते का हो?" विचारणारा पुष्कळदा दोन मुलींचा बाप असतो आणि त्याला हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. तेवढ्यात उत्तर बसत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी आकडे तपासा. जनगणनेत आडनावांची मोजणी छापत नाहीत. म्हाताऱ्यांचे चाळीस म्हणजे भावकीच्या आवतणाची घरं, आणि तुमचे अकरा मतदार यादीतले. दोन्ही मापं वेगळी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या यादीत, तीन भाऊ वेगळे निघाले तरी कर पुष्कळदा मेलेल्या बापाच्याच नावावर असतो. तलाठ्याच्या ८-अ मध्ये, म्हणजे जमिनीच्या खात्यांत, भूमिहीन घर येतच नाही. मतदार यादीतला घर क्रमांक तर बघूच नका. यादीचे गावातले सगळे भाग घ्या, बाप आणि नवऱ्याच्या नावावरून माणसं घरात जोडा, मग नमुना ८ शी ताडून पाहा. वानखडे आणि वानखेडे आधी वेगळे लिहा. एकत्र करायचे ते भावकी विचारल्यावरच, कारण कधी तो टायपिंगचा फरक असतो, तर कधी खरोखर दोन कुळं असतात.

आता हिशेब. १८७३ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टननं हाच प्रश्न मांडला आणि वॉटसन नावाच्या गणितीसोबत तो सोडवला. माणसामागे सरासरी एक मुलगा धरा, कुणाला शून्य, कुणाला तीन, सगळं नशिबावर. एका घराची वेल पुढच्याच पिढीत खुंटण्याची शक्यता ३७ टक्के, पाच पिढ्यांत ७३ टक्के. ना पटकी लागते ना दुष्काळ. जी घरं टिकतात ती फुगतात, म्हणून अर्ध्या गावाचं आडनाव एकच झालेलं दिसतं. महाराष्ट्रात बाईमागे लेकरांचं (मुलगे-मुली मिळून) प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ आलं. म्हणजे मुलगे ०.८५ च्या आसपास. त्या हिशेबानं एक घर पाच पिढ्यांत जाण्याची शक्यता ८४ टक्क्यांवर जाते, पण अकराही घरं जाण्याची शक्यता १४ टक्केच उरते.

वर्षानुवर्षं मी एवढंच सांगून लोकांना वाटेला लावलं. हिशेब चुकीचा नाही. पण आपल्याकडे आडनाव पुष्कळदा असं जातच नाही, हे मला वऱ्हाडातल्या एका फाईलनं दाखवलं.

कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींच्या, नकलेत ओळ होती, "भिवा वल्द गणू, कुणबी, मुलगा." वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बस्. आडनाव नाहीच. या भिवाला तीन मुलगे. थोरल्याकडे पाटीलकी आली आणि तो पाटील लावू लागला. पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, आडनाव राहिलं. मधला वानखडे. धाकटा घरजावई गेला, आणि मास्तरांनी त्याच्या मुलांची नावं दाखल-खारीज रजिस्टरात सासऱ्याच्या आडनावानं चढवली. धाकट्याच्या पणतीला जात वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, बापाकडच्या कुळातला पुरावा हवा होता. तो होता, पण थोरल्याच्या घरी. वंशावळीच्या शपथपत्रावर थोरल्याच्या घरच्यांची सही लागत होती.

ओसरीवर दोन तास बसणं झालं. थोरल्याच्या नातवानं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "सही केली तं उद्या वावरात हिस्सा मांगतील." पोरीच्या बापानं देवाची आण घेतली. पोरगी झेरॉक्सवर बोट ठेवून बसली होती, त्याच ओळीवर. मग तो म्हणाला, "आमचा भिवा दुसरा. तुमचा तो येगळा." आतून त्याच्या आजीनं हाक मारली, त्यानं तिकडे पाहिलं नाही. कागद घडी करून परत दिला. प्रवेशाची मुदत निघून गेली.

वंशावळीवर सही केल्यानं नवा हक्क तयार होत नाही. हक्क असलाच तर जन्मानं असतो. हे त्याला तिथंच सांगितलं होतं. तरी त्याची भीती अगदीच खोटी नव्हती, तोच कागद दिवाणी दाव्यात लावता येतो. पण सख्खा पणजा नाकारायची पाळी यावी, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून मुलींच्या बापांना सांगतो, नुसती घरं मोजू नका. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित वावरात मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावात आईचं नावही येतं. आडनाव मात्र बहुतेक बापाचंच लागतं, आणि मुलीनं स्वतःचं पुढे चालवलं तरी तिच्या लेकरांचं काय, हे त्या घरालाच ठरवावं लागेल. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

त्या गावच्या माझ्या वहीत वानखड्यांपुढे अकरा लिहिलंय. पाटलांची चार घरं आणि घरजावयाची तीन त्यात धरायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पेन्सिलनंच लिहून ठेवलंय.