वाईत उत्तर प्रदेश शोधताना

'गंगाजल' (२००३), 'स्वदेस' (२००४), 'ओंकारा' (२००६) आणि 'दबंग' (२०१०) लागोपाठ पाहिले आणि मग वाई गाठली. पडद्यावर कुठे बिहार, कुठे उत्तर प्रदेश. प्रत्यक्षात यांतलं बरंच चित्रीकरण या कृष्णाकाठी झालं.

स्वारगेटहून एसटीने वाई साधारण ९० किलोमीटर. शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात गाड्या तुंबतात, तेव्हा पहाटेच निघावं. सुरूर फाट्याला महामार्ग सुटतो. वाईहून मेणवली तीन किलोमीटर, रिक्षा मिळते.

मेणवलीच्या घाटावर आधी क्षितिज बघायचं. गंगेच्या मैदानात सपाट माथ्याचे डोंगर कुठून येणार? इथे मान वर केली की सह्याद्रीच्या सोंडा दिसतात, म्हणजे उत्तर प्रदेश दाखवायचा तर कॅमेरा खाली तरी ठेवावा लागतो, नाहीतर चौकट आवळावी लागते. दुसरी खूण दगडाची. काशीचे घाट चुनारच्या फिकट वालुकाश्माचे, इथला दगड काळा बेसॉल्ट. आणि मेणेश्वराजवळची ती पोर्तुगीज घंटा, जिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत! १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथली ही लूट. 'दबंग'मधल्या लालगंजात ती चुकून जरी चौकटीत आली असती तरी बिंग फुटलं असतं.

'दबंग' या अडचणीतून रेटून पार होतो. संवाद आणि हाणामारी इतकी दणक्यात चालते की डोंगराकडे कुणाचं लक्षच जात नाही. 'ओंकारा' जास्त चलाख. त्यातली बोली इतकी पक्की आहे की कान फसले की डोळेही मुकाट मान्य करतात. माझ्या मते फसवणुकीत पहिला नंबर त्याचाच.

'स्वदेस'चं गणित मात्र उलटं आहे. त्यातलं चरणपूर गाव कागदावर उत्तर प्रदेशात असलं, तरी या गोष्टीला डोंगर हवाच. नायकाला गावासाठी वीज करायची आहे; झऱ्याचं पाणी वर अडवून, पाइपाने खाली सोडून जनित्र फिरवायचं, तर उतार लागतो. दहा मीटर उंची आणि सेकंदाला २० लिटर पाणी धरलं तर कागदावर जेमतेम दोन किलोवॅट निघतात. घर्षण, टर्बाइन आणि जनित्रातली घट वजा केली की हातात एक किलोवॅटच्या आसपास उरतो. त्यात थोडे दिवे लागतील, गिरणी नाही. गळती झाली किंवा पाइपात हवा अडकली तर तेवढंही नाही. सिनेमात दिवा लागल्यावर जी गहिवरलेली मिनिटं येतात ती मला आजही थोडी लांबलेली वाटतात, पण त्यामागची कल्पना पक्की आहे आणि ती सह्याद्रीच्या पायथ्याशी सगळ्यात पटते. महेश आणे यांना या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही.

फोटो काढायचे तर सकाळी नऊच्या आत. दुपारी वर पांढरं आभाळ आणि खाली काळा पाषाण असतो. फोन आभाळाचा प्रकाश मोजतो आणि पायऱ्यांचा नुसता काळा पट्टा होतो. अशा वेळी बोट पायरीवर दाबून प्रकाश तिथला घ्यायचा, आभाळ जळलं तर जळू द्यायचं. सिनेमातली चौकट जुळवायची तर माणसाच्या उंचीवरून काढू नका, खालच्या पायरीवर बसा. पावसाळ्यात त्या पायऱ्या पाण्याखाली जातात. एरवीही वरच्या धोम धरणातून पाणी सुटलं की पातळी वाढते, शेवाळावर पाय घसरतो. नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे, कुठवर जायचं ते दारात विचारून घ्या.

परतताना वाईत ढोल्या गणपतीच्या मागे जा. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून. जेवण बाजारात कुठेही होतं. वेळ उरला तर धोमला जावं, तिथला कासवावरचा नंदी बघण्यासारखा आहे.