कशालाच ‘हो’ म्हणू नकोस

रविवार, रात्री उशिरा

दुपारी काकूचा फोन. "अरे, ह्यांच्या भजनांची डिस्क उघडत नाहीये. फॉरमॅट करू का म्हणून विचारतंय. हो म्हणू?" मी जवळजवळ ओरडलोच, "काकू, कशालाच हो म्हणू नकोस. वायर काढून ठेव, मी येतो."

त्या प्रश्नाचा मला मनापासून राग आहे. विंडोजला डिस्कवरची फाइल सिस्टम, म्हणजे फाइल्स कुठे आहेत याची मांडणी, वाचता आली नाही की ते डिस्कला ‘रॉ’, म्हणजे कच्ची ठरवतं आणि थेट फॉरमॅटच, म्हणजे पुसून नव्याने मांडणंच सुचवतं. वाचता न येणं आणि रिकामं असणं यात केवढं अंतर आहे! क्विक फॉरमॅटनंतर निदान काही परत मिळण्याची आशा असते. पण विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट म्हणजे सबंध डिस्कवर शून्यं. काका आता नाहीत, त्यांचा आवाज तेवढा त्या डिस्कवर आहे.

गेल्यावर आधी डिस्कवर बोटं ठेवून ऐकलं. टक-टक असा ठोका येत असता तर तिथेच थांबलो असतो, कारण तो बहुधा आतल्या हेडचा, म्हणजे डेटा वाचणाऱ्या भागाचा बिघाड असतो. मग प्रत्येक वेळी वीज देणं म्हणजे नुकसान वाढवणं. अशी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्यांकडेच न्यावी. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही लोक देतात, तो तर अजिबात ऐकू नये, आत दव धरतं.

ठोका नव्हता. पण डिस्क फिरायला लागे, दमे आणि पुन्हा सुरू होई. म्हणजे वीज कमी पडत होती. या छोट्या अडीच इंची डिस्कना वेगळा अडॅप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीतूनच येते: २.० च्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअर, ३.० वर ९००. मोटर सुरू होताना सर्वांत जास्त लागते. काकूने ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला जोडली होती, वर केबलही लांबलचक. मागच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टला आखूड केबलने जोडल्यावर डिस्क एकसारखी फिरू लागली.

तरी ‘रॉ’च. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकार बरोबर दिसत होता, पार्टिशनही, म्हणजे डिस्कवरचा विभागही जागेवर होता. याचा मला फार दिलासा वाटला. म्हणजे घराचा पत्ता सापडला होता, फक्त दार उघडत नव्हतं. आकारच शून्य किंवा भलताच दिसला असता तर संशय डिस्कवर किंवा यूएसबीच्या सर्किटवर गेला असता. तेव्हा लोक डिस्क काढून दुसऱ्या यूएसबी डब्यात घालतात, पण काही डिस्कना यूएसबीचं सॉकेट त्यांच्याच बोर्डावर असतं, आणि काहींचं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करतं, म्हणजे सांकेतिक रूपात लिहितं, त्यामुळे नुसती डिस्क बाहेर काढून वाचता येत नाही.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदींमध्ये, वाचनाच्या चुका दिसल्या, थोड्या पण खऱ्या. इथे चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवायचा मोह होतो. मी ठामपणे म्हणेन, नको. ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच आजारी डिस्कवर लिहायला लागतं. आधी प्रत. नवी, तेवढीच मोठी डिस्क आणली आणि बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. ते सहज वाचता येणारे भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांवर नंतर परततं, आणि कुठवर आलं ते मॅप फाइलमध्ये टिपतं, त्यामुळे वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नाही. डिस्क एक टेराबाइटची आहे. निरोगी असती तर सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने तीनेक तासांत झालं असतं. इथे रात्र जाईल.

आत्ता बहुतेक भाग उतरलाय, अडलेले थोडे उरलेत. उद्या मॅप फाइल बघेन, मग चेकडिस्क त्या नव्या प्रतीवर. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, आणि काकूसाठी भजनांची तिसरी प्रत वेगळ्या घरी ठेवायची.