चौकोन सोपे, बाण अवघड

साइटमॅप, म्हणजे वेबसाइटची पानं आणि त्यांच्यातल्या वाटा दाखवणारी आकृती, दाखवला की समोरून पहिला प्रश्न हमखास येतो, "हा डबा निळाच राहणार का?" अहो तो डबा म्हणजे पान नाही, पानाची नुसती जागा आहे! आता मी रंग वापरणंच सोडलंय, सगळं काळं-पांढरं.

आधी मी आकृत्या काढायचोच नाही. एका साइटची सगळी रचना मी वर्ड फाइलमध्ये लिहून पाठवली होती, कुठल्या पानाखाली कुठलं पान, व्यवस्थित नंबर देऊन. सगळ्यांनी "ओके" म्हटलं, म्हणजे कोणी वाचली नव्हती हे उघडच आहे. मग काम अर्ध्यावर आल्यावर डेव्हलपरने विचारलं, लॉगिन न करता कोणी 'माझे अर्ज' वर क्लिक केलं तर त्याला कुठे न्यायचं? सगळे गप्प. मीपण. कारण यादीत काय कशाच्या पोटात आहे ते कळतं, पण माणूस इकडून तिकडे कसा जाणार आणि मध्ये कुठे अडणार ते यादीत दिसतच नाही.

मग बोर्डवर एक शंकरपाळी काढली, आत लिहिलं 'लॉगिन आहे का?', त्यातून दोन बाण, हो आणि नाही. 'नाही'चा बाण लॉगिनच्या पानाला जोडला आणि मार्कर तिथेच थांबला, लॉगिन झाल्यावर पुढे काय, होमपेज की परत 'माझे अर्ज'? यावर अर्धा तास वाद झाला, आणि खरं सांगू, त्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा अर्धा तास तोच होता.

या खुणा मी शोधलेल्या नाहीत. वेब डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी २००० साली अशा चिन्हांचा एक छोटा संच मांडला होता, पानाला चौकोन, निर्णयाला शंकरपाळी, अट असेल तिथे तुटक रेघ, वगैरे. मुद्दाम इतका साधा ठेवलेला की बोर्डवर हाताने पण काढता यावा. त्यातली माझी आवडती खूण म्हणजे बाणाच्या शेपटाकडची छोटी आडवी रेघ, म्हणजे आलात त्या वाटेने परत जाता येणार नाही. पैसे भरून झाल्यावर माणूस बॅक दाबून परत पेमेंटच्या पानावर जायला नको ना, ते या एका रेघेत सांगून होतं.

बाकी मेनू, फूटर, सर्च हे प्रत्येक पानाला जोडत बसू नका, नुसतं जाळं होतं, कोपऱ्यात एकदा लिहिलं की पुरे. आणि साहेब लोकांना वरच्या दोनच लेव्हल दाखवायच्या, डेव्हलपरला मात्र सगळं, शंकरपाळ्यांसकट.

हो, आणि कोपऱ्यात तारीख टाकायची. आमच्याकडे भिंतीवरचा जुना प्रिंट बघून एकाने दोन दिवस काम केलं होतं, आणि ते पान आम्ही साइटमधून कधीच काढून टाकलेलं.