देवी काढल्याची खूण

आज भाचीला लसीच्या अडीच महिन्यांच्या डोससाठी अंगणवाडीत नेलं. गंगाखेडकडचं आमचं गाव, दहालाच पत्रे तापलेले. निघताना आत्यानं अडवलं. "कामून न्यायलास रे लेकराला? मागच्या बारीला रातभर फणफणलं होतं."

खरंच फणफणलं होतं. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच रोगांवरची एकच लस; तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या लसीनं एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते. हे तेव्हा आम्हाला कुणी धड सांगितलंच नाही. व्हॉट्सॲपवर मात्र घाबरवायला दहा जण हजर! आत्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मला नाही जमत. शेवटी तीच सोबत आली, राखणीला.

सिस्टरबाईंनी सरळ तिच्या हातात बाटलीच दिली. लेबलवर गोल, गोलात चौकोन. "चौकोन गोलापेक्षा फिका हाय तवर लस चांगली. उन्हानं काळा पडला की फेकून देते मी." आत्यानं बाटली चष्म्याला टेकवून बराच वेळ पाहिली. मग तापाचं औषध किती द्यायचं ते दोनदा विचारून घेतलं.

नंतर अर्धा तास तिथंच बसलो. लेकरू मांडीवर घेताना आत्याचा पदर सरकला अन् दंडावरची खूण दिसली. देवी काढल्याची, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याची. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही.

"तुला ताप आला होता का गं?"

"आला आसंल. माय मला घेऊन मागच्या दारानं पळाली होती. मास्तरनं धरून आणलं."

आता रात्रीचे अकरा. लेकराचं अंग कोमट आहे. आत्या उशाशी बसलीय, मला झोप म्हणायलीय.