त्रिकोणाच्या पोटातला शृंगाश्व

काक्षी, व्याध आणि प्रश्वा हे तीन ठळक तारे जोडून होणारा हिवाळी त्रिकोण आकाशाकडे क्वचित पाहणाऱ्यालाही सापडतो. त्याच्या पोटात मात्र काहीच नाही, असे मीही कित्येक वर्षे समजत होतो. तेथे शृंगाश्व हा तारकासमूह आहे, म्हणजे एका शिंगाचा घोडा. त्याच्या सर्वांत ठळक ताऱ्याची प्रतही (तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) जेमतेम ३.७ असल्याने, चंद्र नसलेल्या रात्री अर्धा तास डोळे अंधाराला सरावल्याशिवाय तो हाती लागत नाही.

शेजारच्या मृगाभोवती कथांची दाटी आहे. शृंगाश्वाची मात्र एकही प्राचीन कथा नाही. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांत त्याचे नाव नाही. पेट्रुस प्लान्सियुस या डच नकाशाकाराने १६१२ च्या आपल्या खगोलावर (आकाश दाखवणाऱ्या गोलावर) तो प्रथम रेखाटला आणि १६२४ मध्ये याकोब बार्ट्श (पुढे हा खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा जावई झाला) याने तो आपल्या नकाशात घेतला. एका शिंगाच्या घोड्याची कल्पना जुनी, आकाशातली त्याची जागा मात्र अवघ्या चारशे वर्षांची. मला यात काही उणे वाटत नाही. इतरांनी मोकळी सोडलेली जागा कोणीतरी निरखून पाहिली, हेच मला मोलाचे वाटते; शिवाय ती जागा मुळीच मोकळी नाही, कारण आकाशगंगेचा पट्टा तिच्यातूनच जातो.

व्याधाकडून काक्षीकडे नजर नेताना, निम्म्या वाटेच्या थोडे अलीकडे शृंगाश्वातला बीटा हा तारा लागतो. लहान दुर्बिणीतून प्रथम तो जोडतारा वाटतो. हवा स्थिर असेल आणि भिंग जास्त शक्तीचे लावले, तर त्या जोडीतला मंद ठिपका आधी लांबट दिसतो, थरथरतो आणि एखाद्या क्षणी त्याचे दोन होतात: तीन पांढरेशुभ्र तारे, एका अरुंद त्रिकोणात. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये हे त्रिकूट प्रथम पाहिले. तो क्षण टिकत नाही, हवा हलली की दोन ठिपके पुन्हा एकमेकांत मिसळतात, म्हणून मी डोळा न हलवता पुढच्या क्षणाची वाट पाहत बसतो.

काक्षीकडून प्रश्वाकडे एक तृतीयांश अंतर गेल्यावर, रेषेच्या किंचित दक्षिणेला एनजीसी २२४४ (हा तारकायादीतला क्रमांक) हा तारकागुच्छ बायनॉक्युलरमध्येही दिसतो. त्याच्याभोवतीचा, सुमारे ५,००० प्रकाशवर्षे दूरचा रोझेट तेजोमेघ पूर्णचंद्राच्या दुपटीहून रुंद आहे, तरी तो मला अजून छायाचित्रांतच भेटला आहे. येत्या अमावास्येला तिरप्या नजरेने, म्हणजे थेट न पाहता किंचित बाजूला पाहून, पुन्हा शोधणार आहे.