हिरवा चुडा

आज फोंड्यात आमच्या नाटकाच्या जाहिरातीचं शूटिंग. मागे हिरवा पडदा, संगणकावर तो हिरवा रंग काढून त्याजागी नंतर मांडवी नदी येणार. मावशी हिरवा चुडा भरून आल्या. मॉनिटरवर नदी जोडून पाहते तर बांगड्यांच्या जागी नदीचं पाणी, पंजा हातापासून सुटलेला! चुडा उतरवा म्हणायला जीभ रेटेना. निळा पडदा लावला.

कातडीचा रंग तांबूस-पिवळसर, हिरवा-निळा त्यापासून लांब. म्हणून मागचा रंग काढताना चेहरा शाबूत राहतो. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर ४ ठिपक्यांत २ हिरवे असतात, त्यामुळे हिरव्यावर केसांची कडसुद्धा स्वच्छ सुटते. निळ्याला उजेड जास्त लागतो, २ दिवे वाढवावे लागले. वाढवले! मग मावशींनी हात उचलला आणि चुड्यातली एकेक बांगडी मोजता आली.