एपिडॉरस: देवाच्या दवाखान्यातलं नाट्यगृह

ग्रीसमधल्या एपिडॉरसला येणारे बरेच जण तिथलं प्राचीन नाट्यगृह बघतात, फोटो काढतात आणि परत बसमध्ये जाऊन बसतात. त्यांना तरी काय बोल लावायचा? पाइनच्या झाडांतून जाणारी वाट आधी तिथेच नेते, आणि समोर जे दिसतं ते बघून पाय पुढे निघत नाही. डोंगराच्या उतारावर चुनखडीच्या 55 रांगा. खालच्या 34 मूळच्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या. वरच्या 21 नंतर वाढवलेल्या. खाली मधोमध मातीचं पूर्ण वर्तुळ. कोरस, म्हणजे नाटकातला गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा, नाचायचा, गायचा तो तिथे.

त्या वर्तुळात उभा राहून प्रत्येक गाइड टाळी वाजवतो, नाणं टाकतो, कागद फाडतो. इथली कुजबुजही शेवटच्या रांगेत ऐकू येते म्हणतात. 2017 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तर कुजबुज पुढच्या काही रांगांपलीकडे समजत नाही असं निघालं. मी वर जाऊन बसले तेव्हा नाण्याचा टणत्कार आला, पुटपुटणं काही आलं नाही. पण कुजबुजायचं कशाला? ग्रीक नट मुखवटा चढवून हजारोंच्या समुदायापुढे खड्या आवाजात पद्य म्हणायचा.

मला ओढ होती ती पलीकडच्या पडझडीची. हे नाट्यगृह कुठल्या नगराच्या चौकातलं नाही, ते अस्क्लेपिअस या वैद्यदेवाच्या क्षेत्रातलं आहे. अस्क्लेपिअस अपोलोचा मुलगा. कायरॉन नावाच्या नराश्वाकडे तो वैद्यकी शिकला, आणि इतकी शिकला की मेलेल्याला उठवू लागला. मग देवांचा राजा झ्यूस याने वीज टाकून त्यालाच संपवलं. ग्रीक देवांना हुशारी चालते, मर्यादा ओलांडलेली चालत नाही. निम्म्या शोकांतिका याच गोष्टीवर उभ्या आहेत.

रोगी इथे येत, स्नान करत, बळी देत आणि रात्री आबाटॉन नावाच्या लांबट ओसरीत झोपत. देव स्वप्नात येऊन उपाय करी. बरे झालेल्यांच्या हकिकती दगडी पाट्यांवर कोरून तिथे लावलेल्या असत. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. लंगडे चालू लागले, आंधळे पाहू लागले, हे वाचून ती हसली. स्वप्नात देव म्हणाला, डोळा बरा करतो, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायचं. क्लेओ तर म्हणे पाच वर्षं गरोदर होती. या आवारात जन्म आणि मृत्यू दोन्हींना मज्जाव, त्यामुळे ती बाहेर पडल्या पडल्या बाळंत झाली, आणि पोराने स्वतःच झऱ्यावर अंघोळ केली! वांद्र्याच्या मोत माउलीला वाहिलेले मेणाचे हातपाय ज्यांनी पाहिलेत, त्यांना नवसाचा हा हिशोब नवा वाटणार नाही.

आबाटॉनशेजारीच थोलोस ही गोल वास्तू होती. आज दिसतो तो तिचा पाया, एकात एक गोल भिंतींचा. तिथे फार वेळ रेंगाळले. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हतं.

दवाखान्याला एवढं मोठं नाट्यगृह कशाला, हा प्रश्न मुळात आपला आहे. देवाच्या उत्सवात जशा मैदानी शर्यती, तशीच गाण्याची चढाओढ आणि तसंच नाटक; सगळी पूजाच. अथेन्समध्येही शोकांतिका मद्य आणि नाट्याचा देव डायोनिसस याच्या उत्सवातच वाढली. तिथे अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनिससच्या रंगमंडळाला लागूनच अस्क्लेपिअसचं देऊळ आहे. इसवी सनापूर्वी 420 च्या सुमारास हा देव एपिडॉरसहूनच अथेन्सला नेला, आणि परंपरा सांगते की देऊळ होईपर्यंत त्याला आपल्या घरी ठेवून घेणारा माणूस होता नाटककार सोफोक्लिस.

उन्हाळ्यात इथे अजूनही रात्री प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात. तिकीट मिळालं तर दुपारीच या. आधी संग्रहालयातल्या पाट्या, मग आबाटॉन, आणि नाट्यगृह सगळ्यात शेवटी.